उष्टी वाटी

मामाच्या मांडीवरच्या तान्हीनं चांदीच्या अंगठीवरची खीर चाटली, तोंड वाकडं केलं आणि लगेच पुन्हा जीभ बाहेर काढली. बायका खळखळून हसल्या. सोजरबाईंनी नातीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली आणि उरलेल्या खिरीची वाटी सुनेपुढे धरली.

"घे. उष्टावणाची वाटी आईनं संपवायची. आपल्या घरची रीत हाय."

सुनीतीनं वाटी घेतली, कपाळाला लावली आणि आतल्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आली.

"आई, माझं कीटो चालू आहे ना. भात नाही, गूळ-साखर नाही, फळसुद्धा नाही. परवापासून ऑफिस आहे, तेवढं होऊ दे."

"एका घासानं काय डोंगर वाढतोय व्हय?"

"डोंगर नाही वाढत. पण सगळी मेहनत वाया जाते."

ती हसली. हिंजवडीला घालून जायची जुनी पँट सकाळी तिला अलगद चढली होती. आता पैठणीच्या ब्लाउजला दोन्ही काखांत पिना होत्या. "सहा महिन्यांची बाळंतीण वाटत नाहीस गं," कुणीतरी म्हणालं, आणि ते ऐकता ऐकताच ती तोंडावर हात धरून आतल्या खोलीकडे धावली.

श्याम तान्हीला कडेवर घेऊन बहिणीच्या मागे गेला.

ती न्हाणीतून बाहेर आली, पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा संपवला. मग पलंगावर टेकली. तिचा श्वास लांबून येत होता, खोल आडातून भरली घागर ओढावी तसा. एक वर येते न येते तोच दुसरी खाली सुटत होती.

"ताई, हे कधीपासून?"

"कालपासून. होतं रे असं. जिमचे सर म्हणाले, चरबी सुटायला लागली की शरीर कुरकुर करतं. लिंबू-मीठ घ्यायचं." तिनं फोन पुढे केला. सकाळी लघवीत बुडवलेल्या कीटोन-पट्टीचा फोटो होता; चरबी जळताना अंगात किती आम्ल साचतंय, ते पट्टीचा रंग सांगतो. "बघ, कशी जांभळीगर्द आलीय. अख्ख्या ग्रुपमध्ये इतकी गडद कुणाची नाही."

"तू अजून हिला पाजतेस, हे सरांना माहितीये?"

सुनीतीनं हात पुढे करून लेकीला घेतलं, पदराखाली लावलं.

"त्यांनी विचारलं नाही."

श्याम पाठ करून खिडकीशी उभा राहिला. डॉक्टरांकडे जाऊ या, हे त्याच्या ओठांवर आलंच होतं, तोवर दार ढकलून सोजरबाई आल्या. मागोमाग त्यांची जाऊ, सरुबाई.

"वकलीस? कधीपासनं?"

"कालपासून, आई."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. सरुबाईनं तोंडाला पदर लावला.

"अगं बया! थोरलीचं उष्टावण उरकलं न्हाई, तवर धाकट्याचा सांगावा?"

"तसं काही नाही हो, काकी..." पुढचे शब्द श्वासानं ओढून नेले.

सोजरबाईंनी सुनेचं तोंड दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं, वाकल्या आणि थबकल्या.

"सरू, पिकल्या सीताफळाचा वास येतोय हिच्या तोंडाला! लबाडे, चोरून खाल्लंस व्हय? आन् आमाला सांगतीस कीटो!"

"चैतात कुठलं सीताफळ, वैनी?"

"मोबाइलवर मागवलं आसंल. ह्यांना काय, बारा म्हैनं समदं पिकतंय. डोहाळं हैत, दुसरं काय!"

श्यामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बहिणीच्या पोटाविषयी बायका बोलतात तिथं भावानं थांबू नये, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली. ओठांवरचं वाक्य त्यानं गिळून टाकलं.

दोघी लगबगीनं बाहेर गेल्या. क्षणभर ओसरीवर कुजबुज झाली, मग हसू फुटलं, मग सोजरबाईंचा सूर लागला:

डोहाळं लागलं माझ्या सुनंला फळाचं,
भाऊ निघाला आणाया, दार उघडं मळ्याचं.

बाकीच्या बायकांनी ओवी उचलली.

जावं की थांबावं, हे श्यामला कळेना. खिडकीच्या कट्ट्यावर खिरीच्या वाटीवर साय धरली होती.

"ताई," तो पाठमोराच म्हणाला, "सीताफळ कुठून आणलंस?"

"कसलं सीताफळ?" तिचा आवाज झोपेत बुडालेला होता. "कित्येक महिन्यांत... फळाला हात नाही लावला रे."

खिडकीबाहेर परसात सोजरबाईंच्या हातची सीताफळी उभी होती. तिच्या फांद्यांवर पानसुद्धा नव्हतं.

श्याम वळला. पदराखाली तान्ही चुटूचुटू पीत होती. सुनीतीचे डोळे मिटले होते, तोंड किंचित उघडं होतं, आणि घागर आडातून वर येतच होती, येतच होती. तो तिच्यावर वाकला. वास त्यालाही आला. गोड, पिकून उतरलेल्या फळासारखा, पण तिच्या श्वासातूनच येणारा.

"ताई? ताई!"

पापणी हलली नाही.

त्यानं तान्हीला उचलून छातीशी घेतलं आणि तो ओसरीवर धावला. बायकांच्या ओवीवरून ओरडला, "दाजी, गाडी काढा! आत्ताच्या आत्ता!"

मांडवात पंगतीला वाढणाऱ्या संभाजीनं, सुनीतीच्या नवऱ्यानं, वर पाहिलं. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो कानापर्यंत लाजला होता. खिशातली किल्ली त्यानं उंच धरून वाजवून दाखवली.

"निघालोच की, पाव्हणं! पेढे साधे आणू का केशरी?"