डाव्या नळीवरची बोटं

ब्रनोतल्या गॅरेजमध्ये बापलेकींनी हिवाळाभर खपून जुनी जावा मोटारसायकल सजवली. सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांना क्रोम नको, काळा रंगही नको, असं लेकीने, मिलाडाने ठरवलं. साधं स्टीलच तापून सोनेरी होतं. इंजिन धडधडलं, दोन्ही नळ्या सोनेरी झाल्या, पण डावीवर पाच तपकिरी बोटं उमटली. बसवताना वडिलांनी ती उघड्या हाताने धरली होती आणि पुसायचं राहिलं होतं. “मास्तर, घामाचा डाग भाजला की पक्का!” शेजारचा व्लास्तिमिल हसला. “फासा आता काळा रंग.” “बिघडवलं मी. पुन्हा हात लावणार नाही,” म्हणत वडील कोपऱ्यात जाऊन बसले. नळ्या निवल्यावर मिलाडा पॉलिश घेऊन घासायला लागली. “अगं बाई, ही तर उजवी!” व्लास्तिमिल ओरडला. उजवी पुन्हा रुपेरी झाल्यावरच ती थांबली. “बाबा, इकडे या. हीसुद्धा घट्ट धरा. जोडी नको का जुळायला?”