धाकट्याची खुशाली

मूळपेशींचं प्रत्यारोपण होऊन वर्ष झालं, तरी बुआफान दर तीन महिन्यांनी थोरल्या लेकाला, वीरापोनला, सीटी स्कॅनसाठी खोन केनच्या दवाखान्यात आणायची. यावेळी डॉक्टर नव्या होत्या. स्क्रीनवर त्याची फुप्फुसं दाखवत त्या म्हणाल्या, "डाग नाही, सूज नाही. नव्या पेशींनी काही त्रास दिलेला नाही, मावशी. या आता."

मांडीवरची भाताची टोपली धरून बुआफान तशीच बसून राहिली. "आणि माझा धाकटा कसा आहे?"

डॉक्टरांनी फाइल चाळली. "दुसरा पेशंट कुठाय?"

शर्टाची बटणं लावत वीरापोन हळूच डॉक्टरांना म्हणाला,



"या पेशी त्यानंच मला दिलेल्या, डॉक्टर. नंतर सोंगक्रानच्या सुट्टीत तो अपघातात गेला. बरा आहे म्हणा, म्हणजे आई उठेल."