कुणाचा कॅमेरा भारी

सूर्य अजून डोंगराआडच होता, पण एइलिफच्या फुशारक्या मात्र सकाळपासूनच सुरू होत्या.

"तुझा फोन खिशातच ठेव, सुनिव्हा," तो पायरीवरून बहिणीला म्हणाला. "उगाच चारचौघांत लाज जाईल त्याची. माझ्यात त्या पलीकडच्या बेटावरचे पक्षी मोजता येतात."

"मग बस मोजत," सुनिव्हा म्हणाली. "माझ्यात माणसं चांगली येतात. मला तेवढं पुरे."

ही दोघं लहानपणापासून अशीच. आधी सायकल कुणाची भारी, मग गळ कुणाचा, आणि आता फोन. त्यातून दोघांचे फोन एकमेकींच्या पक्क्या वैरिणी असलेल्या कंपन्यांचे, म्हणजे तर बोलायलाच नको.

उत्तरेकडच्या ह्या गावात नोव्हेंबरात बुडालेला सूर्य दोन महिन्यांच्या काळोखानंतर आज पहिल्यांदा वर यायचा होता. सगळं गाव दारात आलं होतं, जॅम भरलेले पाव खात, दक्षिणेकडे तोंड करून. म्हातारा ओड्मुंड, ह्या दोघांचा बाप, भिंतीजवळच्या बाकावर घोंगडी गुंडाळून बसला होता. त्याच्या हातातला पाव मात्र तसाच होता. महिनाभर त्याला अन्न जातच नव्हतं. सुनिव्हाने मध्ये काळजीपोटी त्याचा फोटो काढून आरोग्यकेंद्रातल्या नर्सला पाठवला होता. चेहऱ्यावर तजेला आहे, घाबरू नका, असं तिचं उत्तर आलं तेव्हा सुनिव्हाचा जीव भांड्यात पडला होता. एइलिफ दूर बर्गन शहरात राहायचा, कालच रात्री घरी आला होता. त्यालाही ती दर रविवारी फोटो पाठवायची, आणि तो उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा व्हायचा.

सूर्य आला. नखाएवढाच, पण आला. दोघांनी एकदम फोन उगारले.

एइलिफच्या फोनने सूर्याची कड कशी चाकूने कापल्यासारखी धरली. सुनिव्हाच्यात समुद्र गुलाबी झाला होता, आहे त्याहून दुप्पट. मग व्हिडिओ झाले. एइलिफच्या व्हिडिओत वाऱ्याची नुसती घरघर, आणि हिच्यात शेजारणीचं कुत्रं भुंकलेलंसुद्धा स्पष्ट.

"एक-एक, बरोबरी झाली," सुनिव्हा म्हणाली. "आता माणूस. बाबा, इकडे बघ जरा."

ओड्मुंडने मान वळवली. कोवळं ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं होतं. दोघांनी शेजारी उभं राहून एकदमच फोटो काढला आणि दोन्ही फोन जवळ धरले.

सुनिव्हाच्या फोनमधला बाप नुकताच होडीवरून परतल्यासारखा दिसत होता, गाल लाल, डोळे पांढरेशुभ्र. एइलिफच्यातला बाप पिवळा होता. जुन्या मेणबत्तीसारखा पिवळा.

सुनिव्हाला हसू आवरेना. "अरे, हा माणूस आहे की लोण्याचा गोळा? एवढे पैसे टाकलेस आणि बापाचा रंग येईना? हरलास तू."

एइलिफ खजील झाला. त्याने काच बाहीला पुसली, आणखी एक फोटो काढला. तोही तसाच. मग हार मानायची नाही म्हणून त्याने फोन नेऊन बापाच्या गालाशी धरला आणि तो एकदा फोनकडे, एकदा बापाकडे बघायला लागला. बघता बघता त्याचा हात खाली आला.

"सुनिव्हा," तो म्हणाला. "इकडे ये."

तिने वाकून पाहिलं. फोनमधून नाही, नुसतं पाहिलं. बाप पिवळा होता. कानाच्या पाळ्या पिवळ्या, मनगटं पिवळी, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळं.

दोन महिने ती ह्या माणसासमोर रोज जेवायला बसत होती. पण स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली हिवाळ्यात सगळेच पिवळे दिसतात. भिंत पिवळी, ताट पिवळं, आपला हातही पिवळा. कोण कशाला लक्ष देतंय? आणि फोटो काढला की तिचा शहाणा फोन तो पिवळेपणा दिव्याचाच समजून पुसून टाकायचा. बिचाऱ्या नर्सने तरी काय पाहिलं होतं? तिला स्वतःची इतकी चीड आली की फोन समुद्रात भिरकावून द्यावासा वाटला.

"तू रोज असतेस इथे," एइलिफ म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण बोलायचं ते तो बोललाच.

"आणि तू कुठे असतोस?"

शेजारच्या दारात कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. नखाएवढा सूर्य पुन्हा डोंगराच्या काठाला टेकला होता.

"बाबा," सुनिव्हाने विचारलं, "तुला कळलं होतं?"

"दाढी करताना आरशात बघावंच लागतं," ओड्मुंड म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काळोखात कुठे नेणार होतीस मला? म्हटलं, उजाडू दे."

ती रडायला लागली. त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. घोंगडीतून हात बाहेर काढून दोन्ही फोन मागितले, आणि एकेक डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. सावकाश, बाजारात मासा पारखावा तसे. मग एइलिफचा फोन परत त्याच्या हातात ठेवला.

"हा डॉक्टरला पाठव. आत्ताच पाठव."

सुनिव्हाचा फोन त्याने अजून धरून ठेवला होता. त्यातल्या लाल गालांच्या माणसाकडे तो जरा वेळ बघत राहिला.

"आणि दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात वाटतात ना कागद, त्यावर हा फोटो छापा," तो म्हणाला. "तुमच्या आईचा फारच काळपट आला होता."