बाजारातली शाळा

मुख्याध्यापिका हेमलताबाई गुंडाळफळा काखोटीला मारून तरातरा बाजारात शिरल्या. पुरात बुडालेले शाळेचे दिवस रविवारी भरून काढायचे, असं त्यांनीच ठरवलं होतं. पण गावचा आठवडी बाजार रविवारीच भरतो आणि पोरं आईबापांच्या दुकानांवर बसतात, हे नव्याने आलेल्या बाईंना कुठे ठाऊक? सकाळी वर्गात चिटपाखरू नव्हतं.

"मग शाळा इथंच!" म्हणत त्यांनी कांदेवाल्या आक्कांच्या पालाला फळा टांगला. पोरं जमली, पाढे घुमू लागले.

एवढ्यात एक गिऱ्हाईक ओरडलं, "आक्का, दोन किलो द्या!"

आक्कांनी तराजू खाली ठेवला. "थांबा की वाईच. आमच्या पोरांची शाळा चाललीय."

बाईंनी मान वर केली. अख्ख्या बाजारात एकही तराजू हलत नव्हता.