पाहणीच्या दिवशीचं पाणी

घागर विहिरीत सोडली की आता ती बुडत नसे. तळाला टेकून आडवी होई आणि अर्धीच भरे, तीही गढूळ. डोंबिवलीजवळच्या या गावाशेजारी मुंबईच्या कारकुनांसाठी तीनशे बिऱ्हाडांची वसाहत होणार होती आणि तिला पाणी याच विहिरीचं जाणार होतं. राघोने हरकत घेतली, ठाण्याच्या कचेरीत खेटे घातले. दोन वर्षांनी एकदाचं साहेबांनी पाहणीला यायचं ठरलं.

त्या दिवशी गावात कोणी आंघोळ केली नाही. बायकांनी पहाटेपासून पाणी ओढलं, फडक्यातून गाळलं आणि भरलेल्या घागरी राघोच्या ओटीवर ओळीने मांडल्या.

"आये, त्याला विहीर दाखवाची हाय," राघो आईवर चिडला. "पाहुनचार नाय कराचा."

"मंग दारान आलेल्या मानसाला चिखल पाजू?" आवडाबाई म्हणाली.

साहेब भर उन्हात चालत आले. आवडाबाईने त्यांच्या पायांवर घागरभर पाणी ओतलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, तांब्या पुढे केला. साहेब दोन तांबे प्यायले.

"चला साहेब, विहीर दावतो," राघो म्हणाला. "पाणीच नाय तिच्यात."

साहेबांनी ओटीवरच्या घागरींकडे पाहिलं, ओले पाय पुसले आणि हसले.

"आता उन्हात कशाला? भरपूर पाणी आहे की तुमच्याकडे, आणि गोड आहे. दोन वर्षं उगीच रखडलं. वसाहत मंजूर."