मोठ्याची चिठ्ठी

रबरी नळीचा पहिला फटका पाठीवर बसला आणि मोठ्याच्या हातातून बिस्किटांचा पुडा पडला.

"थुंक!" दादा ओरडला. "तोंडातलं आधी थुंक!"

मोठा थुंकला नाही, त्यानं गिळलं. दुसरा फटका कानावर आला. लोखंडी फाटकं बनवणाऱ्या त्या कारखान्यात वेल्डरनं डोळ्यांवरची काच वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घेतली. दीड महिना हे रोजचंच झालं होतं.

मोठा खरं तर धाकटा. पण देह असा, की दारातून तिरकं होऊन यावं लागे, म्हणून साऱ्या गल्लीचा तो 'मोठा'. दादा त्याच्याहून सहा वर्षांनी थोरला. हातपाय काडीसारखे, सदऱ्याखाली पोट तेवढं सुटलेलं. दीड महिन्यापूर्वी दवाखान्याची नर्स कारखान्यात येऊन दोघा भावांचा रक्तदाब मोजून, रक्त घेऊन गेली आणि तिनं दोन चिठ्ठ्या पाठवल्या. 'मोठा : साखर फार, रक्तात चरबी फार, रक्तदाब वाढलेला. हृदयाला धोका. लगेच घेऊन या.' 'लहान : रक्त ठीक. वजन उतरवा.'

दुसरी चिठ्ठी वाचून दादा पोट धरून हसला होता. "माझं वजन उतरवा म्हणे! बाईला चष्मा द्या कुणीतरी." पहिलीनं मात्र त्याची झोप उडाली. एकदा सुई टोचून घेतली तीच पुष्कळ, म्हणून मोठा दवाखान्याचं नाव काढू देईना. तेव्हा दादानंच त्याची चरबी उतरवायचा विडा उचलला.

"मेलास तर उचलायला आठ माणसं लागतील तुला!" नळी पुन्हा उगारत दादा म्हणाला. "आणि त्यात मी नसेन. मला बघवणार नाही ते!"

मोठ्याच्या ओठातून रक्त आलं. "भूक लागते रे दादा."

"आणि मला काय मजा वाटते तुला..."

वाक्य तिथंच राहिलं. नळी गळून पडली. दादानं जबडा दाबला, मग छाती, आणि घामानं निथळत तो लोखंडाच्या तुकड्यांवर तोंडघशी कोसळला.

मोठ्यानं त्याला उताणा केला. श्वास नव्हता. भिंतीवरच्या सुरक्षेच्या तक्त्यातली चित्रं मोठ्याला पाठ होती. जेवणाच्या सुट्टीत उपाशी बसून तो तीच बघत असे. दोन्ही तळवे दादाच्या छातीच्या मधोमध ठेवून त्यानं सगळा भार टाकला. काडकन आवाज झाला. बरगडी गेली. मग दुसरी गेली. तो थांबला नाही.

वेल्डरला वाटलं, दीड महिन्याचा राग निघतोय. "सोड, मरेल तो!" म्हणत त्यानं हातातली सळई मोठ्याच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. खांद्याचं कातडं फाटलं. मोठा रडत होता आणि दाबत होता.

"मला नंतर मार! आधी गाडी बोलव!"

ॲम्ब्युलन्समधून तीच नर्स उतरली. तिनं यंत्राचा झटका दिला, तसं दादाचं अंग जमिनीवरून उडालं आणि घशातून घरघरत श्वास आला. दादाला स्ट्रेचरवर घेतल्यावर नर्सनं कपाळ पुसलं, मग ती भडकली. "मोठ्याला लगेच घेऊन या, असं लिहिलं होतं ना मी? दीड महिना काय करत होता तुम्ही?"

सगळ्यांनी रक्तानं माखलेल्या त्या अगडबंब माणसाकडे पाहिलं.

"मोठा मी," तो म्हणाला. "मी काही खात नाही हो सिस्टर. आजच फक्त दोन बिस्किटं..."

"तुम्ही?" नर्स स्ट्रेचरकडे बघत म्हणाली. "अहो, मी वयानं लिहिलं होतं."

वेल्डरच्या हातून सळई पडली. त्या आवाजानं दादाचे डोळे किलकिले झाले. ओठ हलले. मोठ्यानं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"थुंकलास का?"

"हो दादा," मोठा म्हणाला. "थुंकलो."