कमरेचे टाके

आईचा लाल ठिपक्यांचा घेरदार फ्रॉक लेकीला कमरेत आवळ व्हायचा, म्हणून तिने कालच टाके उसवून तो दोन बोटं ढिला केला होता. आज क्लबात जुन्या अमेरिकी रॉक-अँड-रोल गाण्यांवरचा, त्याच थाटाचा रॉकबिली नाच होता. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच. आईने एकही चुकवला नव्हता, तेव्हा तिच्या जागी लेक जाणार होती.

कपाळावर केसांची वळी बसवून, लिपस्टिक लावून तिने फ्रॉक चढवला. तो पुन्हा आवळ झाला होता.

"मावशी, तू टाके घातलेस?"

"मला सुई दिसत नाही, टाके काय घालू, कप्पाळ!"

"मी जाऊ नये असं वाटतंय ना तुला?"

"वाटतंय. पण ते मी तोंडावर सांगेन, फ्रॉकला कशाला सांगू?"

लेकीला ते पटलं नाही. मावशीला बाहेर घालवून तिने आतून कडी लावली, फ्रॉक काढून सगळे टाके पुन्हा उसवले आणि तो परत घातला. श्वास मोकळा झाला.

ती वाकून बुटाचे बंद बांधू लागली. उठताना कमर आवळली.

तिने बरगडीखाली शिवण चाचपली. बारीक, तिरके टाके हाताला लागले. कात्री कधी जागेवर सापडायची नाही, म्हणून आई दोरा दातांनी तोडायची.

दोऱ्याचं टोक बाहेर आलं होतं. लेकीने त्याला बोट लावलं.

ते ओलं होतं.